पाठीवर पोतं आणि कार्य शून्य?

‘अडलंय कुठं?’ : वाचकांचे प्रश्न, मास्तरांची उत्तरं

एप्रिलच्या अंकात मी सहज लिहून गेलो की कार्य, ऊर्जा आणि शक्ती यांत कुणाचं काही अडलं असेल तर कळवा. चार-दोन पत्रं येतील असं वाटलं होतं, आली सदतीस. एका बाईंनी विजेच्या बिलाचा फोटो पाठवला. एका आजोबांनी आंतर्देशीय पत्र पाठवलं, आणि ते अजून मिळतं हे मला त्यामुळेच कळलं. काही पत्रं मे महिन्यातली आहेत, उत्तर छापून येतंय ऑगस्टमध्ये. कार्य तेवढंच, वेळ तिप्पट, म्हणजे माझी शक्ती एक तृतीयांश. हा विनोद ज्यांना लगेच कळला त्यांनी रामटेकच्या पायऱ्यांचं उत्तर वाचलं नाही तरी चालेल.

प्रश्न : मी नववीत आहे. माझे बाबा कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. आम्हाला शिकवलं की ओझं घेऊन सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसानं केलेलं कार्य शून्य असतं. मी बाबांना ते वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, ‘‘मंग मजुरी बी शून्यच देतीन का मालक?’’ परीक्षेत उत्तर लिहिता येतं मला, पण बाबांना सांगता येत नाही. खरं काय आहे?
— एक विद्यार्थिनी, कळमना

बेटा, तुझे बाबा हसले ते बरोबरच हसले. नागपुरात महाल भागातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. सुरुवातीची बरीच वर्षं मीही हे वाक्य फळ्यावर लिहायचो, ‘शून्य’भोवती खडूनं गोल काढायचो आणि पुढच्या उदाहरणाला लागायचो. वर्गात हमालांची मुलं नव्हती असं नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मला कधी सुचलं नाही.

ते वाक्य खोटं नाही, पण अर्धं खाऊन टाकलेलं आहे. ‘कार्य किती झालं?’ असं भौतिकशास्त्रात मोघम विचारताच येत नाही. कुठल्या बलानं, कशावर, किती, असं विचारावं लागतं. बाबांना अडत्याची वही ठाऊक असेल. तिथं नुसती रक्कम लिहून भागत नाही, कुणाकडून आली आणि कुणाच्या नावे गेली हे लिहावंच लागतं. कार्य ही तसलीच नोंद आहे : बलाच्या मार्फत एकाकडून दुसऱ्याकडे किती ऊर्जा गेली याची.

आता आपण वही उघडू. पोतं ५० किलोचं धर. पृथ्वी त्याला खाली ओढते, बाबांची पाठ त्याला सुमारे ४९० न्यूटन (किलोमागे ९.८) बलानं वर तोलते. बाबा चालतात ते ट्रकपासून गोदामापर्यंत, आडवे. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन. इथं बल उभं, विस्थापन आडवं, दोघांमध्ये काटकोन. गोदामात पोचलेलं पोतं ट्रकपाशी होतं तेवढ्याच उंचीवर आहे. (निघताना त्याला थोडा पुढे रेटा मिळाला आणि थांबताना तेवढाच मागे, ती जमा आणि वजा फिटली.) म्हणजे एवढ्या चालण्यात पोत्याच्या खात्यावर एक ज्यूलसुद्धा (ज्यूल हे ऊर्जेचं आणि कार्याचं माप) जमा झाला नाही. ते शून्य पोत्याच्या पानावरचं आहे. बाबांचं पान वेगळं, आणि ते अजून आपण उघडलेलंच नाही.

त्याआधी पोत्याच्या पानावरची एक खरीखुरी जमा बघ. जमिनीवरून उचलून पोतं पाठीपर्यंत न्यायचं, म्हणजे साधारण १.४ मीटर वर. ४९० गुणिले १.४, झाले ६८६ ज्यूल. दिवसाला अशी २०० पोती उचलली, म्हणजे १० टन माल, तर एकूण १,३७,२०० ज्यूल. आकडा भरभक्कम दिसतो ना? पण १०० ग्रॅम पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत आणायला सुमारे ३१,४०० ज्यूल लागतात. म्हणजे १० टन माल पाठीवर घेण्याचं कार्य म्हणजे चार-साडेचार कप चहाचं पाणी तापवणं! मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा गुणाकार दोनदा तपासला होता. तूही तपास.

आता बाबांचं पान. भिंतीतली खुंटी वर्षानुवर्षं पिशवी तोलून धरते, तिला भूक लागत नाही. स्नायूचं तसं नाही. स्नायूच्या तंतूंमध्ये अ‍ॅक्टिन आणि मायोसिन नावाची दोन प्रथिनं असतात. मायोसिनची बारीक टोकं अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि अशा दर फेरीला एटीपी नावाच्या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो. पोतं जागचं हललं नाही तरी हा खेळ थांबत नाही, कारण थांबला तर स्नायू सैल पडेल आणि पोतं खाली येईल. हातात पाण्याची बादली घेऊन हात आडवा धर आणि स्वस्थ उभी राहा. दोन मिनिटांत हात थरथरायला लागेल. बादलीवर झालेलं कार्य शून्य, आणि हाताची मात्र दमछाक. हात दमतो तो याच पकड-सोडीपायी.

शिवाय सपाट चालणं तरी कुठं सपाट असतं? दर पावलाला शरीर आणि त्यावरचं पोतं दोन-चार सेंटिमीटर वर जातं आणि खाली येतं. वर नेताना स्नायू पदरची ऊर्जा देतात, खाली येताना तिच्यातली बरीचशी परत मिळत नाही, उष्णता होऊन जाते. आणि उचलण्याचं जे खरं कार्य आहे त्यातही स्नायू चारातले तीन भाग उष्णतेवर उधळतात, जेमतेम एक भाग कामी येतो. कळमन्याच्या शेडखाली मे महिन्यात बाबांच्या अंगातून घामाच्या धारा लागतात, त्या या उष्णतेपायी.

थोडं माझ्या घरचं सांगतो. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केलेल्या त्या गिरणीत. त्यांचं काम म्हणजे साच्यांच्या रांगेतून पाळीभर फिरत राहायचं आणि सूत तुटलं की जोडायचं. तुटलेल्या धाग्याचं वजन किती? जोडायला बल किती? ज्यूलमध्ये मोजलं तर वडिलांनी अख्ख्या आयुष्यात गिरणीसाठी काही केलंच नाही. रात्रपाळीहून आले की त्यांचे पाय सुजलेले असायचे आणि आई कोमट पाण्यात मीठ घालून घमेलं पुढे ठेवायची. कार्याची व्याख्या शिकवताना मला ते घमेलं आठवायला हवं होतं, पण ते आठवलं निवृत्तीनंतर.

तेव्हा बाबांना असं सांग : ‘‘पुस्तकातलं शून्य पोत्याला काय मिळालं त्याचं आहे, तुमचं काय गेलं त्याचं नाही.’’ मालक मजुरी पोत्याला देत नाही, बाबांना देतो. आणि परीक्षेत ‘शून्य’ लिहिताना आधी ‘गुरुत्वबलाविरुद्ध केलेलं कार्य’ एवढे शब्द लिही. तेवढ्यावर कुणी गुण कापले तर मला कळव.

प्रश्न : तान्ह्या पोळ्यासाठी नातवाला चाकांचा लाकडी बैल घेतला. तो ओढताना दमतो आणि दोरी लांब करून मागतो. दोरीच्या लांबीनं असा काय फरक पडणार?
— एक आजोबा, महाल (आंतर्देशीय पत्रवाले)

नातवाचं ऐका. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे पोरांचा पोळा भरतो, त्यात खऱ्या बैलांऐवजी लाकडी बैल असतात आणि मिरवणाऱ्यांची वयं तीन ते तेरा.

नातवाचा हात आणि बैलाची कडी यांच्या उंचीत ४० सेंटिमीटरचा फरक आहे असं धरू. दोरी ४६ सेंटिमीटरची असेल तर ती जमिनीशी ६० अंशांचा कोन करते, ८० सेंटिमीटरची असेल तर ३० अंशांचा. बैल चालतो आडवा, म्हणून ओढीचा आडवा भागच कामाचा. बैलाला पुढे न्यायला १० न्यूटन हवे असतील तर आखूड दोरीनं नातवाला २० न्यूटननं ओढावं लागतं, लांब दोरीनं साडेअकरानं भागतं. दर मीटरला बैलावर होणारं कार्य दोन्ही वेळा तेच, १० ज्यूल. आखूड दोरीत उरलेली ताकद बैलाला वर उचलण्यात वाया जाते, आणि मग पुढची चाकं उचलली जाऊन बैल मागच्या पायांवर उभा राहतो, हेही तुम्ही पाहिलं असेल.

प्रश्न : आमचा कूलर २०० वॅटचा आहे. वायरमन म्हणतो, ‘‘तासाला दोनशे वॅट जाळते.’’ बिलावर वॅट कुठंच नाही, नुसते युनिट. आणि शेजारी म्हणतात एसी घ्या, तो जास्त थंड करतो म्हणून वीज खातो. बिलाचा फोटो जोडला आहे.
— एक गृहिणी, त्रिमूर्तीनगर

ताई, वायरमनला वायरिंग करू द्या, एककं तुम्ही सांभाळा. वॅट हा वेग आहे. सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. ‘तासाला दोनशे वॅट’ म्हणणं म्हणजे ‘गाडी तासाला ताशी साठ किलोमीटर जाते’ म्हणण्यासारखं. युनिट हे कापलेलं अंतर आहे. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, म्हणजेच एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल. तुमचा कूलर रोज १० तास चालला तर २ युनिट, मे महिन्याच्या ३१ दिवसांत ६२ युनिट. फोटोतल्या बिलावर ३४८ आहेत, म्हणजे दोष कूलरला देऊ नका. गीझर आणि इस्त्रीकडे बघा.

३६ लाख ज्यूल म्हणजे किती, हे एकदा डोळ्यांपुढे आणू. ७० किलोच्या माणसाला एक मीटर उचलायला ६८६ ज्यूल. एका युनिटमध्ये तो सव्वापाच किलोमीटर उंच जाईल, म्हणजे कळसूबाईच्या उंचीच्या तिप्पट. आणि हे टपरीवरच्या चहाच्या आसपासच्या पैशात. वरच्या उत्तरातल्या हमालाला १० टनांचे दिवसाचे १,३७,२०० ज्यूल पडले, ते एका युनिटचा सव्वीसावा हिस्सा आहे. मोटार आल्यावर माणसाच्या पाठीला भाव का उरला नाही ते इथं दिसतं.

आता कूलर आणि एसी. इथं शेजाऱ्यांचं गणित साफ चुकलंय, आणि नागपूरकरानं तरी हे चुकवू नये. कूलरमधली वीज थंड करत नाहीच. ती फक्त पंखा फिरवते आणि टाकीतलं पाणी ताटीवर चढवते. थंड करतं ते पाणी. एक लिटर पाणी वाफ व्हायला साधारण २४ लाख ज्यूल लागतात, आणि ते येतात आत शिरणाऱ्या हवेच्या उष्णतेतून. तुमचा कूलर तासाला पाच लिटर पाणी पीत असेल तर १ कोटी २० लाख ज्यूल, म्हणजे तीन युनिटांहून अधिक उष्णता तो हवेतून काढून घेतो, आणि तुम्ही पैसे भरता ०.२ युनिटचे. वाळ्याच्या ताटीचं हे शास्त्र आपल्या पणजोबांनी विजेशिवाय वापरलं.

अट एकच, हवा कोरडी हवी. ४५ अंशांच्या कोरड्या दुपारी कूलर राजा असतो. मृगाच्या सरी आल्या की हवेला आणखी वाफ नको असते, पाणी ताटीवर नुसतं वाहतं आणि खोलीत चिकचिक होते. त्या दिवसांत एसीची गरज मी मान्य करतो. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण दीड हजार वॅट घेतो. त्याचा कॉम्प्रेसर मधे मधे थांबतो म्हणून सरासरी कमी पडते, तरी कूलरच्या काही पट धराच.

ही वीज येते कुठून, हेही बघू. नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रातला एक संच ६६० मेगावॅटचा आहे. वहनातली गळती सोडली तर तो एकटा तुमच्यासारखे ३३ लाख कूलर चालवू शकेल. त्यासाठी जळणाऱ्या कोळशातल्या ऊर्जेपैकी शंभरातले चाळीसच्या आसपास वीज होतात, बाकीची उष्णता शीतलीकरण मनोऱ्यांतून आभाळात जाते. त्या मनोऱ्यांना पाणी लागतं, आणि नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीला जातं. म्हणजे तुम्ही सकाळी मोरीत सोडलेलं पाणी दुपारी तुमच्याच कूलरच्या कामी येत असेल. एवढा हिशोब बिलावर छापत नाहीत.

प्रश्न : मी आणि मित्र रामटेकला गडमंदिराच्या पायऱ्या चढलो. तो पळत गेला, मी तीनदा बसलो. तो म्हणतो त्यानं जास्त कार्य केलं. आणि अश्वशक्ती म्हणजे नेमका कोणता घोडा?
— तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी, हिंगणा

तुम्हा दोघांचं वजन सारखं असेल तर गुरुत्वाविरुद्ध कार्य सारखंच. तुझं वजन जास्त असेल तर तूच जास्त केलंस, हे त्याला जरूर सांग. त्याची शक्ती मात्र जास्त, कारण शक्ती म्हणजे कार्य भागिले वेळ. रोजच्या बोलण्यात आपण ऊर्जा, शक्ती, ताकद, जोर सगळं एकाच पोत्यात भरतो. टॉनिकच्या बाटलीवर ‘शक्तिवर्धक’ लिहितात तेव्हा बाटलीत असते ती ऊर्जा.

स्वतःची शक्ती मोजायला रामटेकपर्यंत जायला नको. घराचा जिना घे. तुझं वजन ६० किलो आणि तीन मजल्यांची उंची ९ मीटर असेल तर कार्य ५,२९२ ज्यूल. १५ सेकंदांत पळत चढलास तर ३५३ वॅट, मिनिटभर रमतगमत चढलास तर ८८ वॅट. माझ्या वर्गात पोरं हा प्रयोग मधल्या सुट्टीत करायची. एकदा खुद्द हेडसरांनी जिन्यात अडवलं आणि ‘‘काय करून रायले बे?’’ विचारलं, तेव्हा एक जण घड्याळ बघत म्हणाला, ‘‘सर, तुमच्यामुळे माझी शक्ती कमी झाली.’’

घोडा जेम्स वॉटचा. १७३६ ते १८१९ हा त्याचा काळ. त्याला वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाइकाला घोडे कळत, इंजिन कळत नव्हतं. म्हणून त्यानं ठरवलं की एक घोडा मिनिटाला ३३,००० फूट-पौंड कार्य करतो, आजच्या मापात ७४६ वॅट. दुकानदारी होती ती, पण एकक टिकलं. गंमत म्हणजे वॉट स्वतःच पुढे एकक झाला, १८८२ मध्ये, मरणानंतर ६३ वर्षांनी. तो विदर्भात जन्मला असता तर मोटारींच्या पाटीवर बैलशक्ती लिहिलेली असती. तुझे पळतानाचे ३५३ वॅट म्हणजे जवळपास अर्धा घोडा. पण पंधरा सेकंदांपुरताच.

प्रश्न : माझा मुलगा वर्धा रोडनं ८० च्या वेगानं स्कूटर नेतो. रागावलं की म्हणतो, ‘‘आई, चाळीसच्या दुप्पटच तर आहे.’’ तुम्ही मास्तर आहात, त्याला काही सांगा.
— एक आई, सोमलवाडा

वहिनी, मी सांगून तो ऐकेल असं नाही, पण आकडे देतो, ते त्याच्यापुढे ठेवा.

दुप्पट वेगाला दुप्पट ऊर्जा हेच एके काळी मोठमोठ्या विद्वानांनाही वाटायचं. जर्मन विद्वान लाइबनिट्सचं म्हणणं वेगळं होतं, ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वाद बरीच वर्षं चालला. मग हॉलंडच्या ग्राव्हेसांडे यांनी फार साधी गोष्ट केली. पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकले आणि खड्डा किती खोल पडतो ते मोजलं. वेग दुप्पट, तर खड्डा चौपट. फ्रान्सच्या एमिली द्यू शातले या विदुषीनं या प्रयोगाचं मोल ओळखलं आणि १७४० मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात लाइबनिट्सची बाजू उचलून धरली. आपल्या सूत्रातला ‘अर्धा’ आणि कार्य ही संज्ञा १८२९ मध्ये फ्रान्सच्याच कोरिओलिस या शास्त्रज्ञानं पक्की केली. मुलगा शाळेत ‘एक द्वितीयांश वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग’ घोकून पास झाला असेल. त्यातला ‘वर्ग’ हा शब्द त्या मातीच्या खड्ड्यातून आलाय.

आता स्कूटर. गाडी आणि मुलगा मिळून १५० किलो. ताशी ४० किलोमीटरला गतिज ऊर्जा सुमारे ९,३०० ज्यूल, ८० ला ३७,००० ज्यूल. नुसत्या ज्यूलनं पोरं घाबरत नाहीत, म्हणून उंचीत सांगा. ४० च्या वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे ६.३ मीटरवरून, दोन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडणं. ८० च्या वेगानं आदळणं म्हणजे २५ मीटरवरून, आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून. गच्चीला कठडा असतो, वर्धा रोडला नसतो.

थांबण्याचंही तसंच. समोर गाय दिसल्यावर ब्रेकवर हात जायला एक सेकंद धरू. ४० ला तेवढ्यात ११ मीटर गेले, ८० ला २२. मग कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला ४० ला साधारण ९ मीटर, ८० ला ३६. बेरीज केली तर २० मीटर आणि ५८ मीटर. रस्ता ओला असला आणि टायरची पकड निम्मी झाली की ब्रेकनंतरची अंतरं दुप्पट होतात, ९ चे १८ आणि ३६ चे ७२. सध्या पावसाळा आहे. गायीला यातलं काहीच माहीत नाही.

अजून एक, हे त्याला बहुधा कुणी सांगितलं नसेल : शून्यापासून ४० वर यायला इंजिन जेवढी ऊर्जा गाडीला देतं, त्याच्या तिप्पट ४० वरून ८० वर जायला द्यावी लागते. वेगाबरोबर वाढणारा हवेचा विरोध यात धरलेलाच नाही. पेट्रोलचे पैसे कोण देतं ते मी विचारत नाही.

प्रश्न : ऊर्जा नष्ट होत नाही असा नियम आहे. मग ‘ऊर्जा वाचवा’ असे फलक का लावतात?
— एक वाचक, धरमपेठ

वाटीभर तर्री फुटाळा तलावात ओतून बघा. तर्री नष्ट होत नाही, थेंबन् थेंब तलावातच असतो. पण आता ती पोह्यांवर घेऊन दाखवा. दिव्याची, पंख्याची, ब्रेकची ऊर्जा शेवटी अशीच कोमट उष्णता होऊन सगळीकडे पांगते, पुन्हा कामाला लावता येत नाही. फलक वाचवायला सांगतो ती कामाला येणारी ऊर्जा.

प्रश्न : मास्तर, जूनच्या अंकात तुम्ही लिहिलंत की अर्ध्या अश्वशक्तीची पाण्याची मोटार ३७३ वॅट वीज घेते. मी ४० वर्षं मोटारी गुंडाळल्या. पाटीवरची अश्वशक्ती म्हणजे मोटार दांड्यावर देते ती. घेते ती वेगळी आणि जास्त. दुरुस्ती छापा.
— मोटार रिवाइंडिंगवाले, इतवारी

छापतो, आणि कान पकडतो. दांड्यावर ३७३ वॅट मिळायचे तर तारांचं तापणं, लोखंडाचं तापणं, बेअरिंगचं घर्षण असं सगळं आधी भागवावं लागतं, म्हणून आत जास्त घ्यावं लागतं. तुमचं पत्र वाचून मी घरची मोटार तपासली. पाटीवरचे आकडे गंजले होते, मग मीटरकडे वळलो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि किती लुकलुकींना एक युनिट ते मीटरवरच छापलेलं असतं. आमच्यावर ३२०० आहे, तुमच्यावर वेगळा आकडा असू शकेल. घरातलं सगळं बंद करून नुसती मोटार चालवली आणि घड्याळ लावून मोजलं. एका मिनिटात ३० लुकलुकी. ३० भागिले ३२०० युनिट एका मिनिटाला, म्हणजे तासाला ०.५६ युनिट, म्हणजे ५६० वॅट. ३७३ देते, ५६० घेते, शंभरातले ६६-६७ कामी येतात. छोट्या मोटारीला हे वाईट नाही असं तुम्हीच सांगाल.

वाचकांना हा प्रयोग करायचा असेल तर त्या मिनिटापुरता फ्रिजही बंद करावा लागतो, हे घरात आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, आणि नंतर तो पुन्हा सुरू करायचा राहून गेला.